पेल्यातील साखर आणि नोंद न झालेली उचल

व्यापारी घरात प्रत्येक वस्तूला खाते असते. आलेल्या मालाची नोंद होते, गेलेल्या मालाची होते, आणि मालकाने दुकानातील एखादी वस्तू घरी नेली तर तीही 'उचल' म्हणून खतावणीत पडते. तशी न पडली तर वर्षअखेरीस साठा मोजताना तूट दिसते आणि मुनीमजींना दोन रात्री जागावे लागते. मात्र याच दुकानातील फ्रीजमधून घरच्या मुलाच्या हाती गेलेली शीतपेयाची बाटली बहुधा कोणत्याच खात्यावर येत नाही. ती दहा रुपयांची असते, ती प्रेमाने दिलेली असते, आणि आपल्याच दुकानात आपल्याच नातवाने घेतलेल्या बाटलीचा हिशेब काय ठेवायचा, अशी सर्वांची समजूत असते. पैशाच्या दृष्टीने ही समजूत फारशी महागात पडत नाही. शरीराच्या दृष्टीने मात्र ही नोंद न झालेली उचल मोठी असते, आणि तिची तूट मुलाच्या वाढत्या वजनात दिसू लागते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेच्या गावात किराणा आणि पेयांची घाऊक पेढी, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड, घरात तीन पिढ्या. नऊ वर्षांचा नातू दुपारी शाळेतून थेट पेढीवर येतो. उन्हातून आलेले पोर पाहून आजोबांचा जीव कळवळतो आणि आंब्याच्या पेयाची दोनशे मिलीलिटरची बाटली उघडली जाते. संध्याकाळी कंपनीचा प्रतिनिधी किंवा बाहेरगावचा ग्राहक येतो, त्याच्यासाठी कोला मागवला जातो, आणि गादीवर बसलेल्या मुलाला वगळून पाहुण्याला देणे कोणालाच बरे वाटत नाही. सकाळी दुधात चॉकलेटी पावडर असते, वर एक चमचा साखर आईने घातलेली असते. यांपैकी एकही गोष्ट कोणी वाईट हेतूने केलेली नाही. दिवसभरात तीन निरनिराळ्या माणसांनी तीन वेळा माया केली, एवढेच. आणि तिघांनाही एकमेकांच्या मायेची कल्पना नाही.

आता बेरीज करावी. कोला प्रकारच्या पेयात दर शंभर मिलीलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे दोनशे मिलीलिटरला एकवीस ग्रॅम. आंब्याच्या पेयात हे प्रमाण ब्रँडनुसार बदलते. ते तेरा ग्रॅम धरले तर दोनशे मिलीलिटरला सव्वीस ग्रॅम. दुधातील पावडर आणि वरची साखर मिळून बारा-तेरा ग्रॅम. एकूण साठ ग्रॅम, म्हणजे चहाचे पंधरा चमचे. एक ग्रॅम साखर चार कॅलरी देते, म्हणून या तीन पेल्यांतून २४० कॅलरी आल्या. नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,७०० कॅलरींची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत असे सांगितले आहे की, वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातील साखर मिळून एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि ती पाच टक्क्यांच्या खाली आणता आल्यास अधिक चांगले. दहा टक्के म्हणजे या मुलासाठी बेचाळीस ग्रॅम, पाच टक्के म्हणजे एकवीस. घरातील लाडू, बिस्किटे, मुरंबा आणि जेवणानंतरची मिठाई अजून मोजलेलीच नाही, आणि मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

ही केवळ एका कल्पिलेल्या घराची गोष्ट नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्याची सूचना केली. कोणत्या पेयात आणि खाद्यपदार्थात किती साखर असते, हे मुलांना दिसेल असे शाळेच्या भिंतीवर लिहावे, असा तिचा आशय होता. त्या परिपत्रकात नमूद केले होते की, चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या दैनंदिन ऊर्जेत साखरेचा वाटा तेरा टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांत पंधरा टक्के आहे. शिफारस मात्र पाच टक्क्यांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. कुपोषणाच्या आकड्यांपुढे हा आकडा लहान दिसतो. पण तो संपूर्ण देशाचा आहे. ज्या घरांत अन्नाची चणचण नाही, मुले गादीवर किंवा वातानुकूलित खोलीत बसतात आणि फ्रीज दिवसभर भरलेला असतो, त्या घरांनी देशाच्या सरासरीत आपले समाधान शोधू नये.

साखर पोळीवर आली काय किंवा पेल्यातून आली काय, कॅलरी तेवढीच, असे कोणी म्हणेल. हिशेबाच्या दृष्टीने ते खरे आहे. भुकेच्या दृष्टीने नाही. चावून खाल्लेल्या अन्नाची पोटाला दखल घ्यावी लागते. ते हळूहळू पुढे सरकते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. गोड पाणी मिनिटभरात घशाखाली जाते, आणि त्यानंतरच्या जेवणात मूल तेवढी पोळी कमी खात नाही. दोन संत्री सोलून, बिया काढून खाणाऱ्या मुलाला दहा मिनिटे लागतात आणि पोटही भरते. चार संत्र्यांचा रस ते उभ्या उभ्या पिऊन बाहेर पळते. अन्नाच्या खात्यावर नावे न पडणारी ही ऊर्जा शरीराच्या खात्यावर मात्र जमा होते.

या विषयावर झालेल्या प्रयोगांपैकी एक प्रयोग हिशेबी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ६४१ शाळकरी मुलांना अठरा महिने रोज २५० मिलीलिटर पेयाचा एक डबा दिला. अर्ध्या मुलांच्या डब्यात १०४ कॅलरींची साखर होती. अर्ध्या मुलांच्या डब्यात तीच चव, पण साखरेऐवजी कृत्रिम गोडी. कोणाला कोणता डबा मिळतो हे मुलांना ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यांनाही नव्हते. मुले वाढती होती, त्यामुळे वजन दोन्ही गटांचे वाढले. साखरेच्या गटाचे सरासरी ७.३७ किलो, दुसऱ्या गटाचे ६.३५ किलो. म्हणजे दिवसाला एका डब्याने दीड वर्षात एक किलोचा फरक पडला. हा अहवाल २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे चाणाक्ष वाचक पेन्सिल काढेल. दीड वर्षाचे दिवस साडेपाचशेच्या आसपास. त्यांना १०४ ने गुणले तर सत्तावन्न हजार कॅलरी होतात. एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने फरक सात किलोंचा यायला हवा होता, प्रत्यक्षात एकच किलो आला. मग ताळेबंद कोठे चुकला? चुकला असा नाही. सगळे डबे सगळ्या मुलांनी प्यायलेच असतील असे नाही. शिवाय शरीर ही बंद तिजोरी नव्हे. जादा ऊर्जा आली की मूल कळत-नकळत इतरत्र थोडे कमी खाते, आणि वजन वाढले की ते वजन वाहून नेण्यासाठीच अधिक ऊर्जा खर्च होते. म्हणून 'एक बाटली बंद करा आणि वर्षात चार किलो उतरवा' अशी आश्वासने देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण एक किलो हा आकडाही क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. ती मुले बहुतांशी सामान्य वजनाची होती, आणि फरक केवळ एका डब्याचा होता. याच प्रयोगाच्या पुढील विश्लेषणात असेही दिसले की, ज्या मुलांचे वजन आरंभीच अधिक होते त्यांना साखर कमी केल्याचा लाभही अधिक झाला. लठ्ठपणाकडे झुकणाऱ्या मुलाच्या घरी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

या प्रयोगात साखरेच्या जागी कृत्रिम गोडी होती, पाणी नव्हते. ती केवळ मापनाची सोय होती. यावरून घरात शून्य कॅलरीची पेये आणून ठेवावीत असा निष्कर्ष काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी अशा गोडी आणणाऱ्या द्रव्यांचा वापर करू नये असेच सुचवले आहे. शिवाय त्यांच्यामुळे मुलाच्या जिभेची गोडाची सवय जशीच्या तशी राहते. तहान लागली की गोडच हवे, ही खरी अडचण. ती तशीच ठेवून साखर तेवढी काढली तर निम्मेच काम होते.

पाण्यावरचा प्रयोग जर्मनीत झाला. डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांतील गरीब वस्त्यांमधील ३२ प्राथमिक शाळा घेण्यात आल्या. त्यांपैकी काही शाळांत गार पाण्याचे नळ बसवले, मुलांना स्वतःची बाटली दिली आणि शिक्षकांनी पाण्यावर चार धडे घेतले. एका शैक्षणिक वर्षानंतर त्या शाळांतील मुले दिवसाला सुमारे एक पेला पाणी अधिक पिऊ लागली होती, आणि तेथे वजन जादा होण्याचा धोका इतर शाळांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी आढळला. गंमत अशी की, मुलांनी सांगितलेल्या माहितीनुसार त्यांचे रस आणि शीतपेये पिणे फारसे कमी झालेले नव्हते. त्यामुळे परिणाम नेमका कोणत्या मार्गाने झाला यावर चर्चा होऊ शकते. पण यातून घरासाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे कोणी मुलांना 'हे पिऊ नका' असे सांगत बसले नाही. पाणी जवळ आणले, गार केले, आणि ते पिणे ही नेहमीची गोष्ट करून टाकली.

साखरेची पेये म्हणताच डोळ्यांपुढे काळ्या रंगाची बाटली येते, आणि 'आमच्याकडे कोला येतच नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. प्रत्यक्षात लहान मुलांच्या बाबतीत कोला हा अर्धाच गुन्हेगार असतो. उरलेली साखर आरोग्याचा वेष घेऊन येते. दुधात घालावयाच्या ज्या पावडरी वर्षानुवर्षे उंची आणि बुद्धी वाढवण्याच्या नावाने विकल्या गेल्या, त्यांच्या डब्यावरील घटकांची यादी वाचली की साखर पहिल्या दोन-तीन क्रमांकांत दिसते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्यास सांगितले. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणतीही व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने खोक्यातील रसांवरील 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण त्यांतील अनेक रस घट्ट अर्कात पाणी मिसळून तयार केलेले असतात. व्यापारी माणूस शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून तळाचा माल पाहतो, डाळीचा दाणा दाताखाली फोडतो. घरातल्या मुलाच्या पेयाचा खोका मात्र चित्रावरील आंबा पाहून घेतो, हे नवल आहे.

घरी काढलेल्या ताज्या रसालाही येथे सूट मिळत नाही. फळ पिळल्यावर त्याचा चोथा टाकला जातो आणि साखर पेल्यात उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातील साखर वरून घातलेल्या साखरेच्याच सदरात मोजते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एक वर्षाखालील बालकाला रस देऊच नये असे सांगितले, आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलीलिटर अशी मर्यादा घातली. उसाचा रस तर साखरेच्या प्रमाणात शीतपेयापेक्षा कमी नसतोच. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला इक्षुरसाने होते. त्यामागे वर्षभराचे तप असते. दर रविवारी रसवंतीवर मोठा पेला पिणाऱ्या मुलाला त्या परंपरेचा आधार देता येणार नाही.

सरकारने कराच्या मार्गानेही या प्रश्नाला हात घातला आहे. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला आणि पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. आपल्याकडे वायुयुक्त गोड पेयांवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि त्यावर १२ टक्के उपकर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्क्यांचा दर झाला. त्याच दिवशी फळांच्या गराच्या वा रसाच्या, वायुविरहित पेयांवरील दर मात्र बारावरून पाच टक्क्यांवर आला. फळबागायतदार आणि प्रक्रिया उद्योग यांच्या दृष्टीने त्याला कारणे असतील. पण ज्यांना बिलावरील दर पाहून वस्तूचे गुणदोष ठरवण्याची सवय आहे त्यांनी येथे सावध राहावे. पाच टक्क्यांच्या बाटलीतील साखर चाळीस टक्क्यांच्या बाटलीतील साखरेहून अधिक असू शकते. कर मंत्रालय ठरवते, चरबी यकृत ठरवते.

ज्या पाण्याला या सर्वांची जागा घ्यावयाची आहे, त्या पाण्याविषयी जैन घरांना नव्याने काही शिकवण्याची आवश्यकता नाही. पाणी गाळून घेणे, त्याचे गाळणे स्वच्छ ठेवणे, ते उकळून परातीत निववणे, वेळेची मर्यादा पाळणे, एवढी काळजी पाण्याची क्वचितच कोणत्या घरात घेतली जात असेल. घरातील मोठी आई पहाटे उठून पाण्याची व्यवस्था लावते, आणि त्याच घरातील मूल कोठल्या कारखान्यात, कसल्या पाण्यात, काय घालून बनवले हे ठाऊक नसलेली बाटली तोंडाला लावते. या विसंगतीकडे घरातील ज्येष्ठांनीच लक्ष वेधले तर मुले ऐकतात, कारण पाण्याच्या बाबतीत त्यांचा अधिकार सर्वांना मान्य असतो.

व्यवहारातील एक अडचण मात्र मान्य करावी. निववलेले पाणीही उन्हाळ्यात कोमटच लागते, आणि उन्हातून आलेल्या मुलाला गार हवे असते. मुलाने पाणी नाकारले तर ते बऱ्याचदा पाणी म्हणून नाही, कोमट म्हणून नाकारलेले असते. माठ, सुरई, ओल्या फडक्यात गुंडाळलेले भांडे, यांपैकी जे घरच्या नियमांत बसेल ते करावे. ज्यांना फ्रीज चालतो त्यांनी शीतपेयांच्या जागी पाण्याच्या बाटल्या मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवाव्यात. जेथे चौविहार पाळला जातो तेथे आणखी एक दक्षता हवी. सूर्यास्तानंतर पाणी नाही, म्हणून दिवसाचे पाणी दिवसाच व्हायला हवे. शाळेत दिवसभर काही न पिता आलेले मूल सूर्यास्तापूर्वी घाईघाईने जे गोड दिसेल ते पोटात ढकलते, असे अनेक आयांचे निरीक्षण असेल.

शाळेचा प्रश्न वेगळाच आहे. बाटली सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. आळस हे त्याचे कारण क्वचितच असते. शाळेतील स्वच्छतागृहे अस्वच्छ असल्यामुळे मुले, विशेषतः मुली, पाणी पिण्याचे टाळतात. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये ठरावीक वेळी पाणी पिण्याची घंटा वाजवण्यास आरंभ केला. हा उपाय बिनखर्चाचा आहे, पण स्वच्छतागृहे सुधारल्याशिवाय घंटेचा आवाज फार दूर जात नाही. समाजातील अनेक मान्यवर शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. सभागृहाच्या नामफलकासाठी जितक्या आनंदाने देणगी दिली जाते, तितक्या आनंदाने स्वच्छतागृहासाठी देणगी देणारा कोणी निघाला तर मुलांच्या पोटात पाणी आपोआप जाऊ लागेल.

समाजाच्या कार्यक्रमांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पाठशाळेत मुलांना उत्तर बरोबर आले की आंब्याच्या पेयाचा खोका बक्षीस मिळतो. व्याख्यानानंतर प्रभावना म्हणून मुलांच्या हाती तेच पडते. विवाहसमारंभात स्वागतालाच रंगीत पेयांचा मंडप असतो, तेथे मुले रांगेत तीन-तीन वेळा उभी राहतात, आणि पाण्याचे भांडे मात्र शोधावे लागते. देणाऱ्याची भावना उत्तम असते यात शंका नाही. पण प्रभावनेत वही, पेन्सिल, मूठभर खारीक-बदाम किंवा एक सफरचंद देता येते. आणि लग्नात शहाळ्याचा किंवा साखर न घातलेल्या ताकाचा मंडप लावल्याने यजमानाची प्रतिष्ठा कमी झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

घरात हा बदल करताना ज्या एका गोष्टीवर सर्व अवलंबून असते ती म्हणजे मोठ्यांची एकवाक्यता. आईने बंद केलेली बाटली आजोबांकडून मिळते, आजोबांनी नाही म्हटल्यास काकांकडून; एका महिन्यात मुलाला कोणाकडे कोणत्या वेळी मागायचे याचे अचूक वेळापत्रक तयार झालेले असते. म्हणून आधी मोठ्यांनी बसून ठरवावे, आणि ठरवण्यापूर्वी आठ दिवस केवळ नोंद ठेवावी. दुकानातील फ्रीजमधून मुलासाठी काढलेली प्रत्येक बाटली उचल खात्यावर, तारखेसह, लिहावी. कोणालाही दोष द्यायचा नाही, फक्त लिहायचे. आठव्या दिवशी ती वही आजोबांच्या हाती दिली की पुढचे बोलणे बहुधा करावेच लागत नाही. आयुष्यभर चोपड्या तपासलेल्या माणसाला आकडा समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर घरात ही पेये साठवणे बंद करावे. बाहेर, प्रसंगी, ठरवून एखादे घेतले तर चालेल. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०१६ मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी आठवड्याला साधारण एका पेल्याची वरची मर्यादा सांगितली आहे, आणि दोन वर्षांखालील बालकाला वरून घातलेली साखर मुळीच देऊ नये असे म्हटले आहे. सरबताची सवय असलेल्या घरात साखर एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी. महिनाभरात जीभ बदलते आणि पूर्वीचे सरबत मुलालाच अतिगोड लागते. दूध साधे, हवे तर वेलचीचे किंवा केशराचे. ताक, जिरे घातलेले पाणी, लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातलेले पाणी, सोलकढी, हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. शाळेतून आलेल्या मुलापुढे पहिल्याने पाणी ठेवावे, मग खाणे. पहिल्या पेल्यात तहान भागली की गोड मागण्यातील निम्मा जोर ओसरतो. पहिले दहा-बारा दिवस चिडचिड होईल. त्या काळात 'पाणी प्यायलास तर चॉकलेट देईन' असा सौदा करू नये. तो तोट्याचाच ठरतो.

किती पाणी, याचा बाऊ करण्याचे कारण नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अन्नातील ओलाव्यासह दिवसाला १.६ लिटर आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सुमारे दोन लिटर असे प्रमाण मानले आहे. विदर्भातील वा खानदेशातील उन्हाळ्यात ते अधिक लागणारच. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी. आईला एवढी खूण पुरते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. पाण्याचे गुणगान ऐकून घरातील वडीलधाऱ्यांनी तान्ह्या बाळाच्या तोंडी चमचा लावू नये.

वाढत्या मुलाचे वजन उतरवणे हा बहुतेक वेळा उद्देशच नसतो. उंची वाढत राहावी आणि वजनाचा वेग मंदावावा, एवढे साधले की दोन वर्षांत मूल आपोआप प्रमाणात येते. ते पाहण्यासाठी मोठ्यांचा तक्ता चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे सहा महिन्यांनी एकदा त्यावर बिंदू मांडून घ्यावा. घरी रोज काट्यावर उभे करून चारचौघांत आकडा वाचून दाखवणे, 'जाड्या' म्हणून हाक मारणे, बहिणीला वाढायचे आणि त्याला नाही, असे करणे याने वजन कमी होत नाही. मूल लपून खायला मात्र शिकते. साखरेची पेये बंद झाली तर ती घरातील सर्वांसाठी बंद व्हावीत, गादीवर बसणाऱ्या मोठ्यांसाठीही.

एक इशारा वेगळा नोंदवणे आवश्यक आहे. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसू लागली, मूल झोपेत मोठ्याने घोरू लागले, तर केवळ पेय बदलून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि एखादे मूल अचानक तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठू लागले किंवा अंथरूण ओले करू लागले, आणि खाणे नेहमीसारखे असूनही बारीक होऊ लागले, तर 'चला, पाण्याची सवय लागली, वजनही उतरले' असे समजून कोणी आनंद मानू नये. ही बालपणातील मधुमेहाची लक्षणे असू शकतात. अशा मुलाची रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी. दुसऱ्या दिवसाची, सोमवारची किंवा नेहमीचे डॉक्टर गावाहून परतण्याची वाट पाहू नये.